सुकाच्या गाडीची बॅटरी खरंच उतरली होती

ये गं वैशू, अशी लांबून, पाहुण्यासारखी वाचू नकोस. जवळ सरक. आधी तुझ्या फुईचं, या आत्याचं, सगळं ऐकून घे, मग काय रुसायचं ते खुशाल रूस. किती दिवस झाले, मी फोन करते आणि तो वाजून वाजून थांबतो... असं करतं का गं कुणी? तुझ्या नवऱ्याला लावला तर तो बिचारा म्हणतो, "आत्या, ती कामात आहे." महिना-सव्वा महिना माणूस कामातच असतं होय? म्हणून शेवटी हे लिहायला घेतलं. आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात मराठी पेपर येतो, त्याची रविवारची पुरवणी तुमच्या अकोल्यालाही मिळते असं पेपरवाला म्हणाला. गेलेल्या माणसांविषयी लोक त्यात लिहितात. चौघं वाचतील तर वाचोत, माझा भाऊ कसा होता ते त्यांनाही कळू दे. पण लिहिते आहे ती तुझ्यासाठी, हे ध्यानात ठेव.

तो गेला त्या सकाळी मीच तुला फोन केला होता. अकरा वाजत आले होते. तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली, ती मला अजून ऐकू येते. मी म्हटलं, "वैशू, तुझे बाबा गेले गं." तू गॅस बंद केलास, तो खटका ऐकू आला. मग म्हणालीस, "आताही बॅटरीच उतरली असेल." आणि फोन ठेवलास. दहाव्याला आली नाहीस, तेराव्यालाही नाही. त्या बोलण्याचा मला राग आला नाही बाई, खरंच नाही. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. तीनदा त्याने तुला सांगितलं, "न्यायला येतो," आणि तीनदा सांगितलं, "गाडीची बॅटरी उतरली." कोण विश्वास ठेवेल? पण वैशू, ते कारण नव्हतं. बॅटरी खरंच उतरली होती. कशी, का, कुणामुळे, ते मी आज पहिल्यापासून सांगणार आहे, आणि त्यात माझंही एक पाप आहे, तेही सांगणार आहे.

वाचणाऱ्यांना सुका कोण हे माहीत नसणार. सुकदेव माझा पाठचा भाऊ. अमळनेरकडून आम्ही सुरतेत आलो तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा. आधी लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामगार, मग मास्तर झाला. मास्तर म्हणजे शाळेतला नाही, लूम बिघडली की ज्याच्या नावाने हाका मारतात तो. दीडशे लूमच्या खडखडाटात हा नुसता मधून चालत जायचा आणि "सातवी रडते आहे" म्हणायचा, आणि खरंच सातवीचं काहीतरी ढिलं निघायचं. सकाळी खात्यात पाय टाकला की पहिलं काम तेलपाणी. हातात लांब नळीची कुप्पी घेऊन प्रत्येक लूमला दोन-दोन थेंब. घरीसुद्धा हा रोग. शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, पंखा, सगळ्याला तेल. माझी वहिनी, वैशूची आई, होती तेव्हा म्हणायची, "अक्का, एक दिवस हा माझ्या कानात तेल घालील म्हणजे मी कुरकुर करायची नाही." ती लवकर गेली. मग सुका आणि त्याची ही एकुलती लेक माझ्याच घरी राहिली. वैशू माझ्या हाताखाली साडीचं धागाकटिंग करत शिकली.

आता ती गोष्ट सांगते जी तुझ्या-माझ्या दोघींच्या घशात अडकून बसली आहे. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. पण लेक आपली आपण येत नाही. बापाने नाहीतर भावाने जाऊन तिला आणायचं, त्या आणणाऱ्याला मुराळी म्हणतात. वैशूने आपल्या पसंतीने लग्न केलं, मुलगा अकोल्याचा, जात निराळी. सुका लग्नाला गेला नाही. पहिल्या आखाजीला मुराळी गेला नाही. दुसऱ्या आखाजीला ही वेडी पोर बॅग घेऊन एकटीच आली, रिक्षातून उतरली, आणि माझ्या भावाने सगळ्या गल्लीदेखत विचारलं, "तुला न्यायला कोण आलं होतं?" बस, एवढंच बोलला. तू बॅग खालीसुद्धा ठेवली नाहीस. त्याच रिक्षाने परत गेलीस. मी पदर खोचून कोपऱ्यापर्यंत धावले, पण माझे गुडघे आणि रिक्षा... त्या दिवशी सुका जेवला नाही. तुला वाटत असेल हट्टाने. अगं, तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा ते त्याला येत नव्हतं. लूम उघडून परत जोडायची तर डोळे मिटून जोडली असती त्याने.

मग त्याची छाती गेली. चाळीस वर्षं धाग्याचा भुरका, ती लूममधून उडणारी बारीक धूळ, आणि वर विड्या, दोन्हींनी मिळून खाल्ली. खोटं कशाला सांगू, विड्या त्याने डॉक्टरला सांगितल्या त्याच्या दुप्पट ओढल्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं, विजेवर चालणारं. कोपऱ्यात बसून दिवसभर फस्स... फस्स... करायचं, आणि त्याच्या नाकात नळी. न्हाणीघरात जायचं तरी लांब नळी मागे ओढत जायचा. बोटाला लावायचा एक चिमटा असतो, त्यावर आकडा दिसतो. मशीन बंद केलं की आकडा घसरायला लागायचा. हे तुला आम्ही कळवलं नाही. मी कितीदा म्हटलं, "सुका, पोरीला सांगते, धावत येईल." तो म्हणायचा, "आंडेरले काही सांगू नको, अक्का." आंडेर म्हणजे लेक, वाचणाऱ्यांसाठी सांगते. मग नळी नीट करून, दम घेऊन, मराठीत समजावल्यासारखा म्हणायचा, "बाप आजारी म्हणून आली तर ती दवाखान्याला आली. माहेराला नाही आली. मीच तिला बाहेर काढली, मीच आणायला जाईन. मुराळी जाईल तेव्हाच लेक येईल." त्याने माझ्याकडून शपथ घेतली. मी शपथ पाळली... आज वाटतं, मोडली असती तर काय झालं असतं?

पण जायचं कसं? रेल्वेत एवढं मशीन चालत नाही. टॅक्सीवाले सिलिंडर बघितला की गाडी पुढे काढत. लहान सिलिंडर पुरून पुरणार किती, अकोला म्हणजे पूर्ण दिवसाचा रस्ता. तेव्हा त्याला शेठच्या घरगाडीची आठवण झाली. त्याच्या खात्याच्या शेठने एके काळी देवदर्शनाच्या सहलींसाठी जुन्या मिनीबसचं घर करून घेतलं होतं. आत दोन पलंग, हात धुवायचं भांडं, छोटा ओटा, पंखे, आणि घरासाठी वेगळ्या दोन बॅटऱ्या. मुलं मोठी झाली, विमानाने फिरू लागली, आणि गाडी खात्याच्या मागे लिंबाखाली उभी राहून राहून पक्ष्यांची झाली. सुकाने फोन केला तर शेठ म्हणाले, "लई जा मास्तर, पडी पडी सडे छे." घेऊन जा, पडून पडून सडते आहे, असं. माझा भाऊ त्या दिवशी लहान मुलासारखा हसला. गाडीत वीज, विजेवर मशीन, आणि मशीनवर तो. येताना तू आणि चिमी पलंगावर झोपून येणार. चिमीला, आपल्या नातीला, त्याने फोटोतच पाहिलं होतं. मला म्हणाला, "अख्खं माहेरच दारात घेऊन जातो, मग कशी नाही म्हणते बघतो."

कामरेजला हायवेवर जयंतीभाई म्हणून गाड्यांचं लाइटकाम करणारे आहेत, सुकाचे जुने स्नेही. ते येऊन बघून गेले. इंजिन चालू झालं, पण घराच्या बॅटऱ्यांवर हात ठेवून म्हणाले, "बेन, आ तो बेसी गई." बसल्या म्हणजे मेल्या. दोन्ही बदलल्या. घरच्या विजेवर पूर्ण भरल्या. मशीन लावून पाहिलं, चाललं. नुसत्या बॅटरीवर पुरेसं चाललं नसतं, पण इंजिन चालू असताना त्याचा डायनामो बॅटरी भरत राहतो, इकडून खर्च आणि तिकडून भरणा, म्हणजे अकोल्यापर्यंत चिंता नाही, असा हिशेब. दिवाळीच्या आधी सुकाने तुला पहिला फोन केला. आठवतं ना? "तयारी ठेव, मी न्यायला येतो." तू विचारलंस, "तुम्ही स्वतः?" तो म्हणाला, "मग काय पार्सल पाठवू?" फोन ठेवून त्याने मला दाढीचं सामान काढायला सांगितलं.

आम्ही निघालो. जयंतीभाई गाडी चालवत होते, मी आणि सुका मागे. बारडोलीचे उसाचे ट्रॅक्टर ओलांडून जरा पुढे गेलो असू, तर इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला आणि मशीन गप्प. जवळ लहान सिलिंडर ठेवला होता म्हणून वाचलो. वळलो. इंजिन एवढं चालू होतं, तरी बॅटरी भरण्याऐवजी उतरत गेली होती. घरी येऊन त्याने तुला सांगितलं, "बॅटरी उतरली गं, दिवाळीला नाही जमत." तू "बरं" म्हणालीस. हे झालं पहिलं.

मग जयंतीभाईंनी मीटर काढलं. इंजिन चालू ठेवून डायनामोपाशी मोजलं तर चौदाच्या वर, आणि मागे घराच्या बॅटरीपाशी मोजलं तर साडेबारा. म्हणाले, "मास्तर, वाटेत दीड वोल्ट कोण तरी खाऊन जातो." सुकाला हे इतकं आवडलं! त्याला परत खात्यात गेल्यासारखं झालं. खाटेवर बसून, नाकात नळी, तो रोज त्या चोराचा विचार करायचा. फ्यूज बदलले. पुढून मागे गेलेली लाल वायर बारीक होती, इतक्या लांबीला ती पुरत नाही म्हणून मनगटाएवढी जाड टाकली. इंजिन सुरू झाल्यावर दोन्हीकडच्या बॅटऱ्या जोडणारं एक डबडं असतं, तेही उघडून साफ केलं. आकडा थोडा चढला, तेराच्या वर गेला. चौदा नाही झाला, पण जयंतीभाई म्हणाले, सावकाश जाऊ, चालेल. तुला परत कळवून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवत होतं आणि आम्ही निघालो अकोल्याला.

बॅटरी उतरल्याचा हा दुसरा फोन मला नीट सांगायचा आहे वैशू, कारण तुझं मन तिथेच फिरलं. व्यारा मागे टाकलं तेव्हा मीटर परत खाली यायला लागलं होतं. सुका ते बघत होता. मला म्हणाला, "अक्का, मला आज बरं वाटतंय, मशीन जरा बंद ठेवू, नवापूरनंतर लावू." मला मेलीला कळलं नाही. मला वाटलं, पोरीकडे जायच्या आनंदानेच बरं वाटत असेल. त्याने आपल्या हाताने बटण बंद केलं. बॅटरी वाचवत होता गं तो. खिडकीकडे तोंड करून बसला, म्हणजे मला चेहरा दिसू नये. थोड्या वेळाने मी पाणी द्यायला गेले तर ओठ जांभळे, नखं जांभळी, आणि चिमट्यावर आकडा असा की मी ओरडलेच. जयंतीभाईंनी गाडी कडेला घेतली, सिलिंडर लावला. आणि जरा डोळे उघडल्याबरोबर माझ्या भावाने काय केलं असेल? तुला फोन लावला. "वैशू... बॅटरी... उतरली गं... परत..." तू नंतर मला रागाने म्हणाली होतीस, "खोटं बोलणारा माणूस कसा अडखळतो ते मला कळतं, आत्या." ते अडखळणं खोट्याचं नव्हतं बाई. त्याला श्वास पुरत नव्हता. खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं आणि त्याने, त्या अवस्थेत, माझ्याकडे बघून नुसतं बोट हलवलं... नको म्हणून.

आता माझं पाप. संक्रांतीनंतर त्याला पायरी उतरवेना. गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत उभी असायची. तो मला म्हणाला, "अक्का, गाडीचं तेलपाणी करत जा." जयंतीभाईंनीही जाता जाता सांगितलं होतं की बॅटरीचं पाणी बघत चला. मी आपली खात्यातल्या माणसाची बहीण, मला काय कळणार? तेलपाणी म्हणजे तेल आणि पाणी. त्याचीच कुप्पी घेऊन मी रोज सकाळी जायची. दाराच्या बिजागऱ्या, खिडक्या, आणि बॅटरीजवळचे जेवढे नटबोल्ट दिसतील तेवढ्यांना दोन-दोन थेंब तेल. तुळशीला घालून उरलेलं तांब्यातलं पाणी बॅटरीच्या भोकांत, काठोकाठ. उतू गेलं तर पदराने पुसायची. वर हात जोडायची, की बाई, माझ्या भावाला लेकीकडे ने. बॅटरीत निराळं, गाळलेलं पाणी घालतात, तेही खुणेपर्यंतच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आणि गोडादऱ्याची हवा तर तुला माहीत आहे. दर घराआड एक खातं, धाग्याचा भुरका दोरीवरच्या कपड्यांवरसुद्धा बसतो. तो त्या तेलावर येऊन बसत गेला.

होळीच्या सुमाराला तिसऱ्यांदा निघायचं ठरलं, तुला फोनही झाला. आदल्या दिवशी जयंतीभाई गाडी कामरेजला घेऊन गेले, आम्हालाही बरोबर नेलं, सिलिंडर घेऊन. आकडा साडेबारावरही थांबेना. त्यांनी परत लाल वायर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. मग एकदम कपाळावर हात मारला. इतके महिने सगळे लाल वायरीच्याच मागे लागलो होतो, काळी कुणी बघितलीच नव्हती. बॅटरीची काळी वायर गाडीच्या लोखंडाला जिथे बोल्टने बसवलेली असते, त्याला अर्थिंग म्हणतात. तिथून वीज परत जाते. जयंतीभाई आडवे होऊन आत शिरले आणि सुरीने तिथून काहीतरी खरवडून बाहेर काढलं. तेलात भिजलेल्या भुरक्याचा काळा नमदा, चांगला बोटभर जाड, आणि खाली उतू गेलेल्या पाण्याने खाल्लेला गंज. "अर्थिंग ज नथी!" ते म्हणाले, अर्थिंगच उरली नाही. जुन्या गंजाने पहिल्यापासून वाट अडवली असेल, पण जी उरली होती ती मी बुजवली. मग बॅटऱ्यांची झाकणं उघडली, आत बघितलं, आणि हे कुणी केलं म्हणून त्यांचा आवाज चढला. "आ कोणे कर्युं?"

मी तिथेच उभी होते. सुका खुर्चीवर बसला होता, मांडीवर सिलिंडर लेकरासारखा धरून. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाला, "मैंने किया, जयंतीभाई. लूमवाला आदमी हूँ, तेल के बिना चैन नहीं पड़ता." जयंतीभाई हसले, म्हणाले, "मास्तर, आ बॅटरी छे, साळ नथी," म्हणजे लूम नव्हे. घरी येईपर्यंत मी रडत होते. तो म्हणाला, "अगं, सांगायला मीच चुकलो. तेलपाणी म्हणालो ना? तू दोन्ही घातलंस. हुकूम पाळलास." आणि हसायला गेला तर खोकला आला. बॅटरीचा तिसरा फोन तुला त्याने कामरेजहून निघायच्या आधी, गाडीतच बसून केला होता, आणि तू म्हणालीस, "बाबा, पुरे झालं आता ते बॅटरीचं. नाही यायचं तर नाही म्हणा. मी काही बोलावलं नव्हतं." त्याने फोन गमछ्याने पुसला आणि गाडीतल्या पलंगावर ठेवला. एवढंच. त्या फोनला त्याने परत हात लावला नाही.

घराच्या दोन्ही बॅटऱ्या गेल्या होत्या. नव्या येईपर्यंत आखाजीची वाट बघायची असं ठरलं. पण छातीत कफ भरला, ताप आला, आणि त्याला सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. चार दिवस होता. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा हात धरून विचारलं, "चौदा झालं का?" जयंतीभाईंचा काही निरोप नव्हता. पण त्याचा चेहरा बघवेना, मी म्हटलं, "झालं रे, चौदा झालं." त्याचे डोळे जरा उघडले. म्हणाला, "इंजिन चालू असताना, का बंद?" मला काय माहीत? मी म्हटलं, "बंद असताना." तो बघत राहिला माझ्याकडे. मग माझा हात थोपटला आणि म्हणाला, "बरं." नंतर जयंतीभाईंकडून कळलं मला. इंजिन बंद असताना चौदा कधीच नसतं. खोटं बोलले ते त्याला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि त्याने ते माझ्यासाठी पोटात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आखाजीला चार दिवस होते.

तेराव्यानंतर जयंतीभाई गाडी घेऊन आले. खाली बघून बोलत होते, जसं काही त्यांचाच गुन्हा. नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, अर्थिंग घासून लोखंड उघडं करून बांधली होती. म्हणाले, "बेन, चौद पॉइन्ट बे." चौदा पॉइंट दोन. मी विचारलं, "इंजिन चालू असताना?" ते म्हणाले, "हा बेन. चालू." आणि आम्ही दोघं गल्लीच्या टोकाला त्या धडधडणाऱ्या गाडीजवळ उभे राहिलो. आत सगळे दिवे लागले होते, पंखे फिरत होते, कुणी नव्हतं. मशीन तर मी दवाखान्यातून आले त्याच दिवशी देणाऱ्यांनी परत नेलं होतं. मी म्हटलं, "बंद करा आता." इतक्या महिन्यांत तो चोर सापडला, पकडला, बांधला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो... मी देवाला काही विचारत नाही. विचारून काय मिळणार आहे?

परवा दुपारी गाडी झाडायला म्हणून आत गेले. ओट्याच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला आहे, धाग्याच्या खोक्याचा. मला माहीतच नव्हतं. सुकाचं ते तिरपं मास्तरी अक्षर. रोजचा आकडा आणि पुढे काय केलं ते. बारा पॉइंट सहा, फ्यूज बदलला. तेरा पॉइंट एक, जाड वायर. मग त्याला उतरता येईना तेव्हाचे दिवस कोरे आहेत. शेवटची ओळ कामरेजला अर्थिंग सापडली त्या दिवशीची, गाडीत बसून लिहिली असणार, अक्षर हललेलं आहे: "काळी वायर. अक्काला बोल लावू नये. आता वैशूला फोन करायचा नाही. तारीख सांगायची नाही. सरळ जाऊन दारात उभं राहायचं." त्याखाली काही नाही. मी त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि तसंच दार लावलं. तो काढून तुला पाठवायचा विचार केला होता, पण डिंकाने इतका पक्का बसवलाय की निघताना फाटेल. तो तुला इथेच येऊन वाचावा लागेल.

तू हे वाचशील की नाही, मला माहीत नाही. वाचलंस तरी येशील असं मनाला सांगायची हिंमत होत नाही. मी आता एकटी आहे, गुडघे तुझ्या ओळखीचेच आहेत, आणि शेठ म्हणतात गाडी विकायला काढू, पावसाळ्याआधी कुणीतरी बघायला येणार आहे. मुराळी म्हणून तुझ्याकडे यायला या घरात कुणी उरलं नाही. म्हणून मी मागते आहे ते नीट ऐक. सणाची वाट बघू नकोस. कुणाची परवानगी, कुणाचं बोलावणं, काही बघू नकोस. चिमीला घे आणि ये. आणि आधी कळवू नकोस गं. अमक्या दिवशी येते म्हणालीस तर मी त्या दिवशी सकाळपासून दारात बसेन, आणि तसं बसायचं बळ माझ्यात आता राहिलेलं नाही. न सांगता ये... पण लवकर ये.